अँटिबायोटिकचा लांब कोर्स चालू असताना घसा आणि अन्ननलिका कशी सांभाळायची

डॉक्सीसायक्लिनची एक कॅप्सूल ओल्या तळहातावर ठेवा, मनात वीसपर्यंत आकडे मोजा आणि मग उचलून बघा. ती सहजी सुटत नाही. वरचं जिलेटिनचं कवच ओलं झालं की डिंकासारखं चिकटतं. घोटभर पाण्याबरोबर गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेत अशीच चिकटते. तिथेच विरघळते, आणि आतलं औषध आम्लधर्मी असल्यामुळे त्या जागेची नाजूक त्वचा भाजून काढते. लांब कोर्समध्ये छातीत अचानक जे दुखायला लागतं, त्यातलं बरंचसं या एवढ्याशा गोष्टीमुळे असतं, आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं.

हा लेख आठवडे किंवा महिने गोळ्या घ्याव्या लागणाऱ्यांसाठी आहे. टीबीचे सहा महिने, कुष्ठरोगाच्या एमडीटीचे (अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचे) सहा किंवा बारा महिने, चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी दोन-तीन महिने डॉक्सी, हाडातल्या संसर्गासाठी क्लिंडामायसिन. आपल्या बेळगाव भागात घरोघरी म्हशी आहेत, त्यामुळे ब्रुसेलाच्या (जनावरांतून माणसात येणाऱ्या जंतूच्या) तापासाठी सहा आठवडे डॉक्सी आणि सोबत रिफॅम्पिसिन घेणारेही भेटतात. औषध कुठलं, किती आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. इथे फक्त ते नीट पोटापर्यंत कसं पोचवायचं आणि वाटेत काही बिघडलं तर काय करायचं, एवढंच.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

घसा आणि छातीची तक्रार साधारण तीन प्रकारची असते. तिन्हींचे उपाय वेगळे असतात.

गोळीने भाजल्याचं दुखणं अचानक येतं. आदल्या दिवशी काहीच नव्हतं, आज सकाळी पाण्याचा घोटही छातीच्या मधोमध, बरगड्यांच्या मधल्या हाडामागे, सुरीसारखा लागतो. नीट आठवलं तर कालची गोळी झोपताना घेतलेली असते किंवा पाणी कमी प्यालेलं असतं. दुखणं गोळी घेतल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं.

आम्ल वर येण्याचं दुखणं हळूहळू वाढतं. जेवल्यावर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं, सकाळी आवाज बसलेला असतो. गिळताना मात्र विशेष दुखत नाही.

तिसरा प्रकार बुरशीचा. तोंडाची चव गेलेली, जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके, घशात कापूस अडकल्यासारखं वाटणं. बुरशी अन्ननलिकेत उतरली तर गिळतानाही दुखतं, आणि मग पहिल्या प्रकाराशी गल्लत होते. फरक इतकाच की बुरशी काही दिवसांत वाढत जाते, तर गोळीचं भाजणं एका रात्रीत उभं राहतं.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांबद्दल इथेच सांगून टाकू. गुळणीचं पाणी पडजिभेच्या फार खाली जात नाही. छातीच्या हाडामागे दुखत असेल तर दिवसातून दहा वेळा गुळण्या केल्या तरी दुखण्यापर्यंत एक थेंबही पोचत नाही. घसाच दुखत असेल तर गुळण्या जरूर करा.

गोळी गिळण्याची रीत

१. आधी पाण्याचा एक मोठा घोट घ्या आणि गिळा. कोरड्या घशावर गोळी ठेवू नका. ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडणाऱ्यांनी दोन घोट घ्यावेत.

२. उभे राहा किंवा ताठ बसा. खाटेवर टेकून, उशीला रेलून नको.

३. गोळी जिभेवर ठेवा, पाणी घ्या. कॅप्सूल आणि गोळी गिळण्याची पद्धत वेगळी आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. कॅप्सूल हलकी असते, तोंडातल्या पाण्यावर तरंगते. म्हणून पाण्याचा घोट तोंडात धरा, हनुवटी छातीकडे झुकवा आणि मग गिळा. तरंगणारी कॅप्सूल आपोआप घशाच्या बाजूला सरकते. मान मागे टाकली की ती उलट दातांकडे येते आणि माणूस बिचारा तीन-तीनदा प्रयत्न करतो. जड गोळी मात्र पाण्याच्या मऊ प्लास्टिक बाटलीतून चांगली जाते. गोळी जिभेवर, ओठ बाटलीच्या तोंडावर घट्ट, आणि बाटलीत हवा न जाऊ देता पाणी ओढून घ्यायचं.

४. गोळी गेली असं वाटलं तरी थांबू नका. डॉक्सी आणि क्लिंडामायसिनसाठी अख्खा पेला पाणी, म्हणजे २०० ते २५० मिली. इतर गोळ्यांनाही निदान १०० मिली. घरातला स्टीलचा पेला एकदा मोजून ठेवा. काही पेले जेमतेम दीडशेचे असतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर दिवसाच्या हिशेबातलं पाणी गोळीच्या वेळेला राखून ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

५. एकावेळी एकच गोळी. टीबीच्या एकत्रित गोळ्या वजनाप्रमाणे दिवसाला दोन ते सहा असतात. ५० ते ६४ किलो वजनाला चार. चारही तळहातावर घेऊन एकदम टाकण्याची चढाओढ नको. एकेक, प्रत्येकीला पाणी, पण एकाच बैठकीत. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन अशी वाटणी स्वतःच्या मनाने करू नका.

६. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डॉक्सी असेल तर एक तास. या वेळात चालणं, भांडी आवरणं, पेपर वाचणं काहीही चालेल.

पाणी साधं, माठातलं किंवा नळाचं असावं. गरम चहाबरोबर कॅप्सूल घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती वाईट आहे. गरम पाण्यात जिलेटिन आणखी लवकर चिकट होतं, शिवाय कपातला चहा जेमतेम चार-पाच घोट असतो.

कॅप्सूल फोडून पावडर मधातून किंवा केळ्यातून घेण्याचा मोह टाळा. डॉक्सीची पावडर थेट लागली तर जास्तच भाजते. ज्या गोळीच्या नावापुढे डीआर, एसआर किंवा ईआर लिहिलेलं असतं तिचं आवरण पोटाच्या पुढे किंवा सावकाश विरघळण्यासाठी बनवलेलं असतं, ती कुटली की आवरणाचा उपयोग संपला. गिळणंच जमत नसेल, विशेषतः अर्धांगवायू झालेल्या किंवा कंपवाताच्या माणसाला, तर पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का ते विचारा. हृदयाच्या झडपेचा जुना आजार असणाऱ्यांचा हृदयाचा डावा वरचा कप्पा बरेचदा मोठा झालेला असतो आणि तो मागच्या अन्ननलिकेवर दाब देतो. गोळ्या नेमक्या तिथे अडकतात. अशांनी गोळीबरोबरच्या पाण्यात कंजुषी अजिबात करू नये.

दिवसातली कुठली वेळ

झोपताना गोळी घेणं ही सगळ्यात मोठी चूक. आडवं झालं की गोळी खाली ओढणारं गुरुत्व जातं, झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो आणि लाळही कमी सुटते. गोळी आतल्या आत बसून राहते. दिवसातून एकदाच डॉक्सी असेल तर ती नाश्त्याबरोबर किंवा दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. दोनदा असेल तर दुसरी संध्याकाळच्या जेवणाला, आणि जेवण झोपेच्या दोन तास तरी आधी.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची गंमत उलटी होते. ते सकाळी घरी येऊन ‘सकाळची गोळी’ घेतात आणि पडदे ओढून झोपतात. त्यांच्यासाठी ती रात्रीचीच गोळी ठरते. पाळीवर जाण्याआधी जेवताना घ्या. रमजानमध्येही तेच. सहरीला कॅप्सूल घेऊन परत झोपण्यापेक्षा, एकच डोस असेल तर तो इफ्तारनंतर जेवणाबरोबर घ्यावा. निर्जळी एकादशी आणि डॉक्सी मात्र एकत्र जमणारच नाहीत. पाण्याशिवाय गोळी नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावंच लागतं.

प्रवासातही तसंच. चोर्ला घाटात बस वळणं घेत असताना खिशातली गोळी कोरडीच टाकायची आणि जांबोटी आल्यावर पाणी प्यायचं, असं करू नका. तासभर उशीर झालेला परवडतो. मुरुमांच्या किंवा ब्रुसेलाच्या डॉक्सीला तासाभराने काही फरक पडत नाही.

टीबीच्या गोळ्यांचं थोडं वेगळं आहे. रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, म्हणून खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी घ्यायला सांगतात. पण मळमळ इतकी होत असेल की गोळ्या टिकतच नाहीत, तर थोडं हलकं खाऊन घेतलेल्या गोळ्या न घेतलेल्यांपेक्षा केव्हाही बऱ्या. आरोग्य केंद्रात विचारून वेळ बदलून घ्या. गोळ्या घेतल्यावर लगेच उलटी झाली तर डोस परत घ्यायचा की नाही, तेही आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारूनच.

दूध, लोह आणि अँटासिड

दूध-दह्यातलं कॅल्शियम, रक्तवाढीच्या गोळीतलं लोह, झिंक आणि अँटासिडमधलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम हे सगळे डॉक्सीला आणि सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनच्या कुळाला धरून ठेवतात. औषध रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. डॉक्सीचं दुधाने साधारण पाचवा हिस्सा नुकसान होतं. लोह आणि अँटासिडने त्याहून बरंच जास्त. चहातल्या दोन चमचे दुधाने फार बिघडत नाही. पेलाभर दूध, वाटीभर दही, ताक किंवा दुधाचा कुंदा मात्र गोळीच्या आधी-नंतर दोन तास नको. हळदीचं दूध घसा दुखतो म्हणून रात्री पिणार असाल तर संध्याकाळच्या डॉक्सीपासून तेवढं अंतर ठेवूनच. लोहाची गोळी डॉक्सीपासून जास्तीत जास्त लांब ठेवा. डॉक्सी सकाळी असेल तर लोह रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, तेही भरपूर पाण्याबरोबर, कारण लोहाची गोळीही अन्ननलिकेला भाजते.

यात एक सापळा आहे. डॉक्सीने छातीत भाजतं, माणूस मेडिकलमध्ये जातो, तिथे गुलाबी अँटासिड किंवा सुक्राल्फेटचं पातळ औषध मिळतं. सुक्राल्फेट जखमेवर थर धरतं, आराम पडतो. पण त्यात ॲल्युमिनियम असतं. दोन्ही एकाच वेळी घेतली की जळजळही थांबते आणि अँटिबायोटिकही काम करेनासं होतं. महिनाभर गोळ्या गिळूनही ताप हटत नाही आणि दोष औषधाला लागतो. अशी औषधं चालू असतील तर अँटिबायोटिक आधी, आणि सुक्राल्फेट किंवा अँटासिड दोन तासांनंतर. दिवसातून चारदा सुक्राल्फेट लिहिलं असेल तर वेळांचं कोष्टक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, स्वतः जुळवत बसू नका. टीबीच्या आयसोनियाझिडलाही ॲल्युमिनियमचं अँटासिड अडवतं.

पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी डॉक्सीला असं धरून ठेवत नाही. ती नाश्त्याआधी अर्धा तास रिकाम्या पोटी घेतात. फक्त सेफपोडॉक्सिम किंवा सेफ्युरॉक्सिम चालू असेल तर सांगा, कारण त्या गोळ्यांना शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं.

भाजलंच, तर

गोळी अडकल्यासारखी वाटत असेल आणि अजून दुखत नसेल तर ताठ उभं राहून सावकाश पेलाभर पाणी प्या. त्याने नाही गेली तर पिकलेल्या केळ्याचे दोन-तीन घास नीट चावून खा आणि वर पुन्हा पाणी. बोटं घालून उलटी काढू नका. वर येताना आम्लही येतं आणि त्याच जागी लागतं. भाकरीचा कोरडा घास ‘गोळी ढकलायला’ गिळणं हा जुना उपाय, पण भाकरीची कड ओरबाडते.

दुखायला लागलं असेल तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. इथे औषधाप्रमाणे निर्णय बदलतो. मुरुमांसाठी डॉक्सी चालू असेल तर डॉक्टर भेटेपर्यंत एक-दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही, आणि बहुतेक वेळा ते औषध बदलतात किंवा काही दिवस बंद करतात. टीबी, कुष्ठरोग, ब्रुसेला, हाडातला संसर्ग यांची औषधं मात्र आपल्या मनाने एक दिवसही सोडायची नाहीत. टीबीच्या औषधात खंड पडला तर उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात, आणि मग सहा महिन्यांचं काम बरंच लांबतं. घसा दुखतो म्हणून गोळ्या गादीखाली लपवणारा रुग्ण घराघरात सापडतो. त्याला रागावण्यापेक्षा पेलाभर पाणी घेऊन शेजारी बसलेलं बरं.

सोबत चालू असलेली इतर औषधंही तपासा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, लोह, व्हिटॅमिन सीची गोळी, हाडांसाठी आठवड्यातून एकदा घेतात ती ॲलेन्ड्रोनेट, या सगळ्या अन्ननलिकेला भाजणाऱ्याच आहेत. अंगदुखीची गोळी ऊसतोडीच्या दिवसांत रोजची होते. जखम भरेपर्यंत तिच्याऐवजी पॅरासिटामोल चालेल का ते विचारा. टीबीच्या रुग्णांनी हे विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण यकृतावर आधीच ताण असतो. रक्त पातळ राहावं म्हणून डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका.

कारण दूर झालं की अशी जखम बहुतेकांची काही दिवसांत ते दोन आठवड्यांत भरते. तोवर खाणं थंड-कोमट, मऊ आणि सपक.

नाचणीचं आंबील आपल्याकडे असतंच. ताक न घालता किंवा गोडं ताक अगदी थोडं घालून, गार करून प्यावं. गुरगुट्या भात आणि तूप, मुगाचं पातळ वरण, दूधभात (डॉक्सीपासून दोन तास लांब), मऊ उकडलेलं अंडं, पिकलेली पपई, शिजवून मऊ केलेला दुधी. भाकरी सोडवत नसेल तर ती वरणात कुस्करून अर्धा तास भिजू द्या, मग खा. सोडायचं काय ते स्पष्ट आहे: संकेश्वरी मिरचीचा ठेचा, तांबडा रस्सा, लिंबू, चिंच, खानापूरकडची कोकमाची कढी, वाफाळता चहा, पापड, चुरमुरे, दारू. पांढरा रस्सा सौम्य दिसतो, पण त्यातलं मिरं भाजलेल्या जागी चांगलंच झोंबतं. तंबाखू आणि विडीने जखम भरायला उशीर होतो.

खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. एक वीट साधारण साडेसात सेंटिमीटर उंच असते, म्हणजे डोकं पंधरा सेंटिमीटर वर जातं. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोटात घडी पडते आणि आम्ल उलट वर येतं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल कमी वर येतं. आम्ल वर येण्याच्या दुसऱ्या प्रकारालाही हेच उपाय लागू पडतात, म्हणून त्याचं वेगळं सांगत नाही.

पांढरा थर: बुरशी की दुसरं काही

अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर तोंडातले निरुपद्रवी जंतूही मारतं. मोकळ्या झालेल्या जागेत कॅन्डिडा नावाची बुरशी पसरते. मधुमेह, दम्याचा स्टेरॉइड पंप, रात्रीही न काढलेली कवळी, एचआयव्ही, स्टेरॉइडच्या गोळ्या, यातलं काही असेल तर शक्यता वाढते.

ओळखण्यासाठी स्वच्छ ओलं फडकं बोटाला गुंडाळा आणि पांढरा डाग हलक्या हाताने पुसून बघा. बुरशीचा थर निघतो आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली त्वचा दिसते. डाग पुसून निघतच नसेल तर तो बुरशीचा नसण्याची शक्यता जास्त. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यात मशेरी लावणाऱ्या बायका आणि गुटखा, तंबाखू गालात धरणारे पुरुष यांच्या तोंडात न निघणारा पांढरा चट्टा दिसतो. त्यातले काही चट्टे पुढे कॅन्सरकडे जातात. असा चट्टा किंवा तोंडातला व्रण दोन आठवड्यांत गेला नाही तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचा. ‘औषधांच्या उष्णतेने आलाय’ म्हणून महिने घालवू नका.

जीभ काळी आणि केसाळ दिसायला लागली तर घाबरू नका. जिभेवरचे बारीक काटे वाढून त्यावर रंग बसलेला असतो. रोज दोनदा मऊ ब्रशने किंवा जीभ घासायच्या पट्टीने साफ करा, तंबाखू आणि काळा चहा कमी करा; कोर्स संपला की जाते.

तोंडातल्या बुरशीसाठी डॉक्टर बहुधा एक टक्का क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध देतात. जेवल्यानंतर चूळ भरून, दिवसातून तीन-चार वेळा डागांवर लावायचं, शक्य तितका वेळ तोंडात ठेवायचं आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. डाग दिसेनासे झाले की लोक लगेच थांबतात आणि आठवड्यात बुरशी परत येते. सांगितलेले दिवस पूर्ण करा. दिवसातून तीन-चारदा चूळ भरायला पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा चालतो, पण तो गिळायचा नाही. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, स्वच्छ पाण्यात ठेवा. कवळीला औषध लागलं नाही तर तोंडातली बुरशी तिथूनच पुन्हा येते. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका. शुगर तपासून घ्या.

गिळताना दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत असू शकते आणि तिथे लावायचं औषध पोचत नाही. त्यासाठी फ्लुकोनाझोलच्या गोळ्या दोन-तीन आठवडे लागतात. त्या स्वतःहून आणू नका. रिफॅम्पिसिन चालू असेल तर ते फ्लुकोनाझोलचा असर कमी करतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर फ्लुकोनाझोल धोक्याचं ठरतं. ओघात आलंच आहे तर: रिफॅम्पिसिनमुळे पाळणा लांबवायच्या गोळ्याही निकामी होतात. टीबीवर उपचार घेणाऱ्या बाईला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, आणि बरेचदा कुणी सांगत नाही.

दही खाल्लं की बुरशी होणारच नाही असं समजू नका. खा, पण गोळीच्या वेळेपासून लांब.

इथे वाट पाहायची नाही

स्वतःची लाळही गिळता येत नाही. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं. डांबरासारखं काळं, चिकट शौच (लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण ते असं चिकट आणि दुर्गंधी नसतं). छातीतल्या तीव्र दुखण्याबरोबर ताप, किंवा मानेची कातडी दाबल्यावर बारीक कुरकुर जाणवणं. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात ओठ, जीभ, घसा सुजणं, अंगावर गांधी, धाप, घोगरा आवाज. ही ॲलर्जी आहे, पुढची गोळी नाही. यातलं काहीही झालं तर १०८.

छातीत दाब, घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, विशेषतः चाळिशीनंतर, तर ‘गोळीची जळजळ’ म्हणत थांबू नका. आधी ईसीजी.

दोन-तीन दिवसांत गिळण्याचं दुखणं कमी होत नसेल, घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल तर दुर्बिणीने तपासणी लागते. त्यासाठी सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं; तपासणी स्वतः पाच-दहा मिनिटांची.

डॉक्टरांसमोर

आपल्याकडे एकाच माणसाची औषधं तीन ठिकाणची असतात. टीबीच्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रातून, शुगरची चिठ्ठी बेळगावची, हृदयाची तपासणी मिरजेची किंवा कोल्हापूरची. प्रत्येक डॉक्टर आपलीच चिठ्ठी बघतो. म्हणून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, सिरपच्या बाटल्या आणि पावडरी एका पिशवीत घालून न्या. नावावरून औषध न कळलं तरी पट्टीवरून कळतं. आयुर्वेदिक काढा, भस्म चालू असेल तर तेही पिशवीत. टीबीच्या रुग्णाचा निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक) देशभर चालतो, महाराष्ट्रात राहायला गेलं तरी उपचार तिथल्या केंद्राकडे वर्ग करता येतो. टीबीची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६.

सांगताना चार गोष्टी नेमक्या सांगा: गोळी कधी घेतली, किती पाण्याबरोबर, किती वेळाने आडवे झालात, आणि बोट ठेवून नेमकं कुठे दुखतं. या चार उत्तरांवरून निम्मं निदान होतं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर किंवा नर्स कन्नड बोलणारे असतील आणि आपल्याला कन्नड जेमतेम येत असेल, तर दुखऱ्या जागी बोट ठेवून एवढे शब्द पुरतात. घसा दुखतो याला ‘गंटलु नोवु’, छातीत जळजळ याला ‘एदे उरि’, गिळता येत नाही याला ‘नुंगलु आगल्ल’, आणि गोळीला ‘गुळगी’.

जखम भरल्यावर तेच औषध पुन्हा सुरू करायचं ठरलं, तर पहिले काही दिवस ते दुपारच्या जेवणाच्या मधोमध घ्या: अर्धा भात आधी, मग पेलाभर पाण्याबरोबर गोळी, मग उरलेला भात. पानातलं दही त्या दिवसांत संध्याकाळच्या खाण्याला.